बालवाडीच्या कोर्सचं वर्ष

नवरा गेला तेव्हा माझा मुलगा नुकता चालायला लागला होता. शेतातल्या विहिरीवरची मोटार सुरू होईना म्हणून नवरा सकाळी स्टार्टर बघायला गेला आणि शॉक लागून तिथंच पडला. आमचं गाव जिंतूरच्या पुढं, टेकड्यांच्या कडेला. जिंतूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. त्यानंतरचे महिने मला सलग आठवत नाहीत. एवढं आठवतं की माझ्या मोठ्या जाऊबाई दुधात भाकर कुस्करून मला घास भरवायच्या, आणि त्यांच्या कमरेवर माझं लेकरू असायचं.

जाऊबाईंच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि त्यांना मूल नव्हतं. परभणीचे डॉक्टर झाले, नांदेडचे झाले. शेवटी मोठे दीरच म्हणाले, आता पुरे. सासूबाई त्यावरून त्यांना कधी टोचून बोलल्या नाहीत, पण गावात कुणाचं बारसं असलं की जाऊबाईंना घरीच काम निघायचं. माझं लेकरू रडलं की माझ्या आधी त्या उठायच्या. त्या दिवसांत मला त्याचं बरंच वाटायचं. मला उठायची ताकद नव्हती.

माहेर ताडकळसकडचं. भाऊ भेटायला आला की दुसऱ्या लग्नाचं काढायचा. लेकरासकट करून घेणारा कोणीतरी त्यानं बघूनही ठेवला होता. मी नको म्हणाले. मग माहेरच्या ओळखीतल्या एका बाईंनी परभणीतल्या बालवाडी शिक्षिकेच्या कोर्सचं सांगितलं. एका वर्षाचा कोर्स. परभणीत आता गल्लोगल्ली नर्सरी निघाल्यात, बाई लगेच लागतात, दुपारपर्यंतच शाळा असते, आणि आपलं लेकरू आपल्याच वर्गात बसवता येतं. हे शेवटचं वाक्य मी घट्ट धरलं. एक वर्ष शिकायचं, मग परभणीत खोली करायची आणि मुलाला घेऊन जायचं. माझं बारावी झालं होतं, तेवढं पुरत होतं.

मला वाटलं होतं तसा सासूबाईंना राग आला नाही. त्या म्हणाल्या, "शिक पोरी. नुसती बसून ऱ्हायलीस तर येडी होशील. पण लेकरू इथंच ऱ्हाऊ दे. तिथं कुठं ठिवणार हाईस त्याला?"

मुलींच्या वसतिगृहात लेकरू चालत नव्हतं, आणि गावाहून रोज जाणं-येणं होण्यासारखं नव्हतं. जाऊबाई चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी मागं न बघताच सांगितलं, "तू जा. मी हाय की."

कोर्स भरायचा तो हॉल एका जुन्या शाळेच्या वरच्या मजल्यावर होता. पत्र्याचं छत, खाली सतरंज्या. आम्ही वीस-पंचवीस जणी. बहुतेक पोरी लग्नाआधीच्या, काही नव्या लग्नाच्या. शिकवणाऱ्या मॅडम उंच, सडपातळ, केस पूर्ण पांढरे. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला गोल बसवून हाताची चिमणी करायला लावली. चिमणी उडाली, झाडावर बसली, पाणी प्यायली. पोरी हसून बेजार झाल्या. माझी चिमणी मांडीवरून वर जाईना.

मॅडम माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. "आवाज कुठंय तुझा?"

मी काहीतरी पुटपुटले.

"चार वर्षांच्या लेकराला हे ऐकू येत नाही. घरी ठेवून आलीस का आवाज?"

सगळ्या पुन्हा हसल्या. त्यांना माझं काही माहीत नव्हतं, मॅडमनाही नव्हतं. मी मान हलवली आणि जरा मोठ्यानं म्हणाले. हळूहळू जमायला लागलं. मणी ओवायला कसे द्यायचे, चिकटकामाचे कागद आधीच किती बारीक फाडून ठेवायचे, गोष्ट सांगताना पुस्तक कुठं धरायचं, मोज्याची बाहुली करून आपला चेहरा तिच्यामागं कसा ठेवायचा. ही बाहुली मला फार जमली. बाहुली बोलायला लागली की माझाही आवाज निघायचा.

जून संपायच्या आत आम्हाला सरावासाठी एका वस्तीतल्या बालवाडीत पाठवलं. ती समाजमंदिरात भरायची. शाळेचे पहिले दिवस म्हणजे नुसता आक्रोश. आया दारात लेकरू सोडायच्या, लेकरू त्यांच्या पायाला मिठी मारायचं, मग कुणीतरी खाऊ दाखवून त्याचं तोंड दुसरीकडं वळवायचं आणि आई तेवढ्यात पसार व्हायची. मॅडमनी पहिल्याच सकाळी एका आईला फाटकातून परत बोलावलं.

"लपून जाऊ नका ताई," मॅडम तिला म्हणाल्या. "त्याला सांगून जा. मी आता कामाला जाते, जेवायच्या वेळेला येते, असं सांगा. रडलं तर रडू द्या. आणि सांगितल्या वेळेला या म्हणजे झालं."

मग आमच्याकडं वळल्या. "लपून गेली की लेकराला वाटतं, माय कधीपण नाहीशी होऊ शकते. ते मग खेळत नाही, दारावरच नजर ठेवून बसतं. हे नीट लक्षात ठेवा. बाकी गाणी-बिणी विसरलात तरी चालेल."

माझ्या वाट्याला एक सावळी, बारीक मुलगी आली होती. तिची आई धुण्या-भांड्याची कामं करायची. ती आईची जुनी ओढणी हातात घेऊन यायची आणि दिवसभर सोडायची नाही. मी रोज तिच्याजवळ खाली बसायचे आणि आई कुठं गेली, काय करत असेल, कधी येईल, हे तिच्याशी बोलत राहायचे. काही दिवसांनी ती ओढणी खुंटीला अडकवून वाळूत खेळायला गेली. मॅडम दुरून बघत होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

शनिवारी दुपारी मी बसनं जिंतूरला जायचे, तिथून काळीपिवळी जीपनं गावी. जीप गावात शिरली की मुलगा ओट्यावरून हाका मारायचा. रविवारी दुपारपर्यंत तो मला चिकटून असायचा. मी भाकरी थापायला बसले तरी पाठीला पाठ लावून बसायचा. आणि जायची वेळ झाली की सासूबाई हळूच म्हणायच्या, "मागच्या दारानं जा. मी त्याला वासरू दाखवायला घेऊन जाते."

पहिल्या एक-दोन खेपेला मी तशीच गेले. समाजमंदिरातला तो पाठ झाल्यावर मात्र म्हणाले, "आत्याबाई, मी त्याला सांगून जाणार. लपून गेलेलं वाईट असतं लेकराला."

"कोण म्हणतं?"

"मॅडम म्हणतात."

सासूबाई एकट्याच वासराकडं गेल्या. मी मुलाला मांडीवर घेतलं आणि सांगितलं की मम्मी शाळेला चालली, शनिवारी परत येणार. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मी पिशवी उचलली तशी त्याला कळलं. तो जीपच्या मागं पळत आला, खडीवर पडला, त्याचा गुडघा फुटला. मागच्या काचेतून मला दिसलं की जाऊबाईंनी त्याला उचललं आणि तो त्यांच्या छातीवर हातानं मारतोय. जीपवाल्यानं विचारलं, थांबवू का. मी म्हणाले, चला.

असं दर रविवारी व्हायला लागलं. समाजमंदिरातली लेकरं आठवडाभरात गप्प झाली होती, माझं लेकरू महिना झाला तरी होईना. त्यांची माय जेवायच्या वेळेला परत यायची. माझा शनिवार त्याच्या हिशोबात कुठंच बसत नव्हता. सोमवारी त्याला कणकण यायची, तो काही खायचा नाही. एकदा जाऊबाईंनी फोनवर सांगितलं, आणि त्यांचा आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. "तू येतीस अन् जातीस, मग चार दिवस लेकराचे लय हाल होत्यात गं. रडून रडून घसा बसलाय त्याचा. मला बघवंना."

मी मॅडमना गाठलं. हॉल रिकामा झाल्यावर त्यांना सगळं सांगितलं, नवऱ्याचंही. त्या बराच वेळ सतरंजीच्या कडेचे दोरे ओढत बसल्या.

"वय काय त्याचं?"

"दोन झालीत."

"आणि तिथं कोण बघतं?"

"माझी जाऊ. त्यांना मूल नाही. जिवापाड बघतात."

"दोन वर्षांच्या लेकराला आठवडा म्हणजे काय ते कळत नाही," मॅडम म्हणाल्या. "त्याला रोज कुणीतरी एक लागतं. सध्या ती आहे, तर तिला धरू दे त्याला. तू वर्षानं जवळ घेशीलच."

त्यांनी चुकीचं काही सांगितलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आताही वाटत नाही. दुसरं त्या काय सांगणार होत्या? मी पंधरा दिवसांनी जायला लागले, मग पाठांची गर्दी वाढली तसं महिन्यानं. आणि सासूबाई म्हणायच्या तसं, लेकरू खरंच सुधारलं. अंगानं भरलं, खूप बोलायला लागलं. मी गेले की तो यायचा, मी आणलेली मोज्याची बाहुली घेऊन खेळायचा. मी निघाले की ओट्यावरून हात हलवायचा. रडायचा नाही.

आमच्याकडं लेकरं चुलतीला मोठी आई म्हणतात. तोही जाऊबाईंना तसंच म्हणायचा आणि मला मम्मी. संक्रांतीला मी गेले होते. आम्ही दोघी जावा अंगणात तीळ निवडत बसलो होतो. तो कोंबडीच्या मागं पळताना उंबऱ्याला अडखळून जोरात आपटला आणि ओरडला, "आई!"

आम्ही दोघीही एकदम उठलो. माझ्या मांडीतलं सूप उलटं झालं. तो उठला, मला ओलांडून गेला आणि जाऊबाईंच्या कमरेला बिलगला. "मोठी" कधी गळून पडलं होतं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं म्हणा.

जाऊबाईंचं तोंड उतरलं. त्या त्याला माझ्याकडं ढकलायला लागल्या. "अरे, जा की. मम्मी आली तुझी. मम्मीकडं जा."

तो गेला नाही. मी खाली बसून सांडलेले तीळ गोळा करत राहिले. मातीतले तीळ निवडून निघत नाहीत, पण मी बराच वेळ निवडत होते.

परीक्षेच्या वेळी माझा शेवटचा पाठ सगळ्यात चांगला झाला. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी वर्गातल्या लेकरांना विचारलं, कोणत्या मॅडम आवडतात, आणि चार-पाच लेकरं माझ्या पदराला येऊन लोंबकळली. मॅडमनी स्वतः शब्द टाकून मला एका नर्सरीत लावून दिलं. मी शाळेच्या जवळच खोली घेतली. एक खिडकी, बाहेर बदामाचं झाड. भिंतीवर मी स्वतः कापलेले प्राणी चिकटवले.

जूनमध्ये मी मुलाला न्यायला गेले. जाऊबाईंनी त्याचे कपडे धुऊन, घड्या घालून ठेवले होते. डब्यात त्याच्या आवडीचे शेंगदाण्याचे लाडू होते. तो भात कसा खातो, कोणत्या कुशीवर झोपतो, गोड औषध दिलं तर थुंकतो, हे सगळं त्या मला सांगत होत्या आणि मी ते नवीन असल्यासारखं ऐकत होते. ते नवीनच होतं. जीप आली तेव्हा त्या बाहेर आल्या नाहीत. आत सोयाबीनचं बियाणं निवडत बसल्या. मुलाला वाटलं फिरायला चाललोय. तो खुशीत चढला.

परभणीत दोन दिवस त्यानं रोज विचारलं, घरी कधी जायचं. मी सांगितलं, आता हेच घर. मग त्यानं विचारणं बंद केलं. विचारणंच नाही, बोलणंही कमी केलं. शाळेत तो माझ्याच वर्गात होता. इतर लेकरांबरोबर बसायचा, सांगितलेलं करायचा, आणि मला मॅडम म्हणायचा. बाकीची सगळी म्हणायची म्हणून म्हणत असेल. घरी आल्यावर तो मला काहीच म्हणायचा नाही. काही हवं असलं तर नुसता जवळ येऊन उभा राहायचा.

मला जे जे शिकवलं होतं ते मी केलं. त्याच्या उंचीला बसून बोलले. बाहुलीच्या तोंडून बोलले. रोज एकाच वेळी जेवण, एकाच वेळी झोप. जाऊबाईंचा फोटो त्याच्या उशीजवळ ठेवला, रोज फोन लावून दिला. फोनवर तो नुसता श्वास घ्यायचा आणि पलीकडून जाऊबाई "जेवलास का रे, जेवलास का" एवढंच म्हणत राहायच्या. त्याचे कपडे झोपेत ओले व्हायला लागले. मग जेवण सुटलं. हात-पाय काटकुळे झाले. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही. मला ते माहीत होतं. असल्या लेकराची सगळी लक्षणं आम्हाला कोर्समध्ये फळ्यावर लिहून दिली होती, आणि अशा वेळी बाईंनी पालकांना काय सल्ला द्यावा तेही.

श्रावण लागला तेव्हा मोठ्या दिरांचा फोन आला. ते माझ्याशी सहसा बोलायचे नाहीत, दीर-भावजयीची रीत म्हणून. म्हणाले, "हिचं काही खरं दिसंना. अंथरूण धरलंय. जेवत न्हाई. तुला म्हणून काही म्हणायचं न्हाई, लेकरू तुझंच हाय. पण कानावर घातलं."

नागपंचमीच्या सुट्टीला मी त्याला घेऊन निघाले. जिंतूरपर्यंत तो खिडकीला डोकं टेकून होता. जीप गावाच्या वळणावर आली, टेकड्या दिसायला लागल्या, तसा तो उठून उभा राहिला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलला. "ते आमचं टेकाड हाय. तिथं आमचं वावर हाय. दादा तिथं असतेत." मोठ्या दिरांना तो दादा म्हणायचा. तो बोलत सुटला. शेजारच्या बाईनं कौतुकानं विचारलं, "कुठं निघालास रे?"

"आईकडं," तो म्हणाला. त्या बाईनं माझ्याकडं बघितलं, मी बाहेर बघितलं.

जीप थांबायच्या आधीच त्यानं उडी मारली असती, मी दंड धरून ठेवला होता. दार उघडलं तसा तो सुटला. जाऊबाई अंथरुणातून उठून दारापर्यंत आल्या होत्या, भिंतीला धरून. तो त्यांच्यावर जाऊन आदळला आणि दोघंही ओट्यावर खाली बसली. ती दोघं रडत होती. मी दोन पिशव्या घेऊन अंगणात उभी होते. सासूबाईंनी माझ्या हातातल्या पिशव्या घेतल्या. त्या दिवशी त्यानं दोन वेळा मागून वरण-भात खाल्ला.

"चार दिवस ऱ्हाऊ दे त्याला," सासूबाई म्हणाल्या. "मग ने."

मी एकटी परत आले. चार दिवसांनी गेले तेव्हा तो मला बघून घरात लपला, धान्याच्या कणगीच्या मागं. मी न्यायला आले म्हणून लपला. मी त्याला ओढून काढलं नाही. मी सासूबाईंना म्हणाले, याला इथंच राहू द्या. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. त्यावर पुन्हा आमच्या घरात कधी बोलणं झालं नाही. कागदावर काही केलं नाही, कुणी कुणाला काही दिलं असं म्हणालं नाही.

त्या खोलीच्या भिंतीवरचे प्राणी मी बरेच दिवस काढले नव्हते. नंतर घरमालकानं रंग दिला तेव्हा ते आपोआपच निघाले.

मी अजून त्याच नर्सरीत आहे. दरवर्षी नवी लेकरं येतात. चांगल्या मॅडम म्हणून पालक माझ्याच वर्गाचा आग्रह धरतात. भावानं लग्नाचं अजून दोनदा काढलं, मग सोडून दिलं. सणाला, सुट्टीला मी गावी जाते. मुलगा आता सातवीत आहे, माझ्या खांद्याएवढा झालाय. मी त्याची मम्मी आहे हे त्याला पक्कं माहीत आहे. तो माझ्याशी नीट वागतो, फार नीट. पाण्याचा तांब्या आणून देतो, शाळेचं विचारलं तर सांगतो. मी त्याच्यासाठी नेलेला शर्ट लगेच घालून दाखवतो. पाहुण्यांशी लेकरं जशी वागतात तसं.

मागच्या हिवाळ्यात जाऊबाईंच्या पिशवीचं ऑपरेशन परभणीला झालं. मी सुट्टी टाकून त्यांच्याजवळ राहिले. मुलगाही आला होता. ऑपरेशनच्या दिवशी तो वऱ्हांड्यातल्या बाकावरून हलला नाही. मी डबा घेऊन गेले तर म्हणाला, "मम्मी, आईला दुखत असेल का आत?"

"नाही. झोपेचं इंजेक्शन देतात. काही कळत नाही."

"नक्की?"

"नक्की."

 मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं तो राहू दिला. माझ्या हाताखाली त्याचं हृदय धडधडत होतं, आणि ते दुसरीसाठी धडधडतंय हे कळत असूनही मी हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊबाई शुद्धीवर नीट आल्या. तो खाली औषधं आणायला गेला होता. मी त्यांच्या ओठांना ओला कापूस लावत होते.

"पोरगं जेवलं का?" त्यांनी विचारलं.

"जेवलं."

"तुझ्याशी बोललं का काही?"

"बोललं की ताई. तुमचंच बोलत होतं."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. मग डोळे मिटूनच म्हणाल्या, "मी दिलं असतं गं परत. तेच येईना."

"मला माहीत हाय."

"तू रागात न्हाईस ना?"

मला रागात असायला आवडलं असतं. कुणावर तरी राग धरता आला असता तर ही वर्षं जरा सोपी गेली असती. पण कोणावर धरणार? घास भरवणाऱ्या या बाईवर धरता येत नव्हता. मी नाही म्हणाले आणि कापूस पुन्हा पाण्यात बुडवला. त्यांनी माझं मनगट धरलं. नर्स आली तेव्हा सोडलं.

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या सकाळी मोठ्या दिरांनी गाडी आणली. मुलानं मागच्या सीटवर उशी ठेवली, आईला धरून बसवलं, दुसरी उशी त्यांच्या पोटाशी दिली आणि ड्रायव्हरला म्हणाला, "काका, खड्ड्यातून हळू घ्या, आईला टाके हाईत." मी खिडकीतून औषधांची पिशवी आत दिली आणि कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, ते त्याला समजावलं. त्यानं सगळं मला परत म्हणून दाखवलं. एकही चूक केली नाही.

गाडी जिंतूर रस्त्याला लागली. त्या दिवशी मी अर्ध्या दिवसाचीच रजा टाकली होती. घरी जाऊन करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून रिक्षा केली आणि शाळेत गेले.